नीलाकाकूंची हौस

नीलाकाकूंना शिवणाच्या मशीनची भीती वाटायची. लेकीच्या लग्नाआधी घेतलेलं पायाचं मशीन त्यांच्या माजघरात होतं. त्यावर भरतकामाचा रुमाल अंथरून त्या पानाचा डबा ठेवायच्या, पण पाय लावायच्या नाहीत. सुई बोटात घुसेल, पट्ट्यात पदर अडकेल, काही ना काही होईलच अशी त्यांची खात्री असायची. विहिरीत कधी वाकून बघायच्या नाहीत. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं ट्रक आला की भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि तो पार दिसेनासा झाल्यावरच हलायच्या. त्या लिंगायत; गळ्यातल्या चांदीच्या डबीत त्यांचं इष्टलिंग असायचं, ती डबी तेवढा वेळ मुठीत.

अशी बाई चाळिशी उलटल्यावर मोटार चालवायला शिकली. गाव म्हणालं, हौस. त्यांच्या नवऱ्यानंच ते पहिल्यांदा म्हटलं होतं.

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या वर्षी मी उमरग्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. मी बार्शीची. एकट्या बाईला खोली कोण देणार? नीलाकाकूंच्या नवऱ्यानं, चनबसप्पा वकिलांनी दिली. रस्त्याकडची खोली, वेगळं दार. "बाई, हे घर तुमचंच समजा," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. पुढं दारातून आत येताना खाकरायचे, आणि मी कधी आले-गेले ते मात्र रोज विचारायचे.

वकीलसाहेब उंच, देखणे. कायदा हैदराबादला उर्दूतून शिकलेले. कोर्टाचं काम मराठीत आणि इंग्रजीत होऊ लागलं तेव्हा बरेच जुने वकील घरी बसले. हे बसले नाहीत. पन्नाशीला आलेला माणूस पाटी घेऊन बसावा तसे मराठी अर्ज लिहायला शिकले. ह्या गोष्टीचा त्यांना रास्त अभिमान होता. दुसरा अभिमान मोटारीचा. गावात स्वतःची मोटार असलेले ते एकटेच वकील. काळ्या रंगाची, जुनी, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या चाकाच्या बगलेला असलेली. थंडीत समोरून हँडल मारल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. सरकारी वकिलाच्या जागेसाठी त्यांचं नाव तेव्हा पुढं आलं होतं. त्यांच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी ते यायचंच.

मी राहायला गेले त्याच हिवाळ्यात जळकोटजवळ त्यांची मोटार एका बैलगाडीला धडकली. शेतातल्या वाटेनं गाडी रस्त्याला लागत होती. गाडीचा कणा मोडला, एका बैलाचा खुबा निखळला. वकीलसाहेबांनी खाली उतरून गाडीवानाच्या थोबाडीत मारली. संध्याकाळी ओसरीवर बसून ते हे आम्हाला रंगवून सांगत होते. "हात जोडून उभा ऱ्हायला बघा! म्हणला, साहेब, चूक झाली. चूक झाली म्हणं! डोळे काय घरी ठेवून हिंडता का म्हणलं."

काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मी त्यांना पहिल्यांदाच नवऱ्याकडं इतका वेळ रोखून बघताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सालगड्याला सरकी आणि पेंडीचं पोतं देऊन जळकोटला पाठवलं. वकिलांना कळू दिलं नाही.

थोड्या दिवसांनी दोघं कापड आणायला म्हणून सोलापूरला जाऊन आली. कापड काही आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी वकीलसाहेब चहा पिताना मला म्हणाले, "हिला मोटार शिकवायची म्हणतो. लई दिवसांपासून हौस हाय तिला."

काकूंच्या हातातल्या बशीतला चहा सांडला. त्यांनी पदरानं जमीन पुसली आणि म्हणाल्या, "व्हय. हौस हाय."

शिकवणी गुरांच्या बाजाराच्या मैदानावर. एरवी ते मोकळंच असायचं. मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. नवरा-बायको असली तरी भर उजेडात मैदानावर मोटारीत बसलेली बरी दिसत नाहीत, सोबतीला कुणीतरी हवं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. शिवाय मला एक काम होतं. "बाई, समोरून, बाजूनं जे काय येईल ते मोठ्यानं सांगत जा. म्हशी, सायकल, पोरं, काय बी. हिला सवय लागंल." मला ते शाळेतल्या खेळासारखं वाटलं. मी घसा ताणून सांगायची, "डावीकडून शेळ्या!" आणि काकू ब्रेकवर दोन्ही पाय दाबायच्या.

काकू चपला काढून, अनवाणी चालवायच्या. पदर कमरेला इतका घट्ट खोचायच्या की श्वास घेता येत नसावा. चाक असं धरायच्या की बोटांची पेरं पांढरी पडायची. क्लच सोडला की मोटार उचक्या देत चार हात जायची आणि बंद पडायची. मग वकीलसाहेब उतरणार, समोर जाऊन हँडल मारणार, घामेजून परत येणार आणि बोलणार. "आहिस्ता म्हणलं की आहिस्ता! क्लच हाय तो, जातं न्हाय! तुझ्या बापानं तुला काय शिकवलं? भाकरी थापायला?" एकदा तर म्हणाले, "बाईच्या जातीला देवानं पाय दिले ते कशाला कोण जाणे." मी मागं बसून कानकोंडी व्हायची. काकू समोर बघत म्हणायच्या, "पुन्यांदा मारा हँडल. बघू की."

हे 'बघू की' त्यांचं नेहमीचं. भीती वाटते असं त्या कधी म्हणत नसत. ओठ पांढरे पडायचे, तोंडानं 'बघू की'.

एका दुपारी मी मीठ मागायला स्वयंपाकघरात गेले. चुलीसमोर काकू एका पाटावर बसल्या होत्या, पायाखाली दोन छोटे पाट, डाव्या हातात लाटणं आडवं धरलेलं. डोळे मिटलेले. डावा पाय दाबला, लाटणं खाली ओढलं, डावा पाय हळूहळू वर, उजवा हळूहळू खाली. तोंडानं गाडीचा आवाज चालला होता. मला बघून लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "ते बाजूला असले की पाय ऐकत न्हाय बाई. इथं ऐकतो."

आणि खरोखरच तो पाय पुढं ऐकायला लागला. मैदानावरून गावाबाहेरचा रस्ता, तिथून मुरूमचा फाटा. मोटार आता उचक्या देत नव्हती. वकीलसाहेबांचं ओरडणं मात्र कमी झालं नाही. बायको शिकत चालली तसं ते जास्तच चिडत होते, हे माझ्या ध्यानात येत होतं. कारण कळत नव्हतं.

ते कळलं नळदुर्गच्या घाटात. वकीलसाहेबांचं तुळजापूरच्या कोर्टात काम होतं, माझ्या शाळेला सुट्टी होती, मी देवीच्या दर्शनाला म्हणून निघाले. चढावर आमच्या पुढं भुसाराचा ट्रक होता. तो धापा टाकत मध्येच थांबला. काकूंना थांबावं लागलं. मोटार किंचित मागं सरकली आणि वकीलसाहेबांचा धीर सुटला. "ब्रेक! ब्रेक! थांब, चाकाला दगड लावतो," म्हणत त्यांनी दार उघडलं आणि डावा पाय बाहेर टाकला. दाराबाहेर रस्ता नव्हताच. वीतभर खडी आणि मग सरळ दरी. उजेड लख्ख होता. मला मागून ती दरी दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

काकूंनी एका हातानं हँडब्रेक खेचला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या कोटाचा घोळ मुठीत धरून त्यांना आत ओढलं. "सुम्मन कुंद्री!" त्या किंचाळल्या. गप बसा. मी त्यांच्या तोंडून नवऱ्याला उद्देशून असं वाक्य त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. वकीलसाहेब सीटवर आदळले. दार तसंच उघडं लोंबत होतं. काकूंनी आडवं होऊन ते ओढून लावलं. ट्रक हलला. त्यांनी क्लच, गिअर, ब्रेक सगळं एकमेकांत असं मिळवलं की मोटार बोटभरही मागं न जाता चढाला लागली.

तुळजापूरला वकीलसाहेब कोर्टात गेल्यावर काकू चाकावर कपाळ टेकून बसल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "बघितलंत ना बाई?"

त्या कापडाच्या खेपेला सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वकीलसाहेबांची दृष्टी कडेकडेनं जात चालली आहे. समोरचं दिसतं, अक्षर वाचता येतं, पण नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं काही नाही. दिवस कलला की समोरचंही अंधुक. औषधानं थांबेल तेवढी थांबेल, गेलेली परत येणार नाही. कागद वाचता येत होते म्हणून कोर्टात कुणाला संशय नव्हता.

"मग ड्रायव्हर ठेवायचा," मी म्हणाले.

"ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी कळंल. दुसऱ्या दिवशी हाटेलात सगळ्यांना कळंल. आंधळ्या वकिलाकडं पक्षकार येतात व्हय? आन सरकारी वकिलाची जागा?" त्यांनी डोळे पुसले. "बायकोनं चालवली तर लोक बायकोलाच हसतात. त्यांच्या डोळ्यांकडं कोण बघतंय?"

मग माझा हात धरून त्यांनी शपथ घ्यायला लावली. दोघंही आता नाहीत, म्हणून लिहिते आहे.

लोक हसले, अगदी पोटभर हसले. काकूंना लायसन मिळालं त्या आठवड्यात हळदीकुंकवाला एका बाईनं त्यांना अत्तर लावताना विचारलं, "हाताला पेट्रोलचा वास येतोय का हो?" सगळ्या खिदळल्या. शाळेतली पोरं मोटारीमागं 'नीलव्वा आली, पळा पळा' म्हणत धावायची. वकीलसाहेब ओसरीवर मित्रांना सांगायचे, "काय करता, बाईमाणसाचा हट्ट. मी म्हणलं, चालव बाबा. आपण आपले बाजूला बसून जीव मुठीत धरतो." मित्र मांड्यांवर थापा मारायचे. पडद्याच्या आत काकू कपात चहा ओतत असायच्या. ओतून झाला की ट्रे माझ्या हातात द्यायच्या. "तुमी न्या बाई. मी न्हाय जात."

तरीही एक सांगायला हवं. ती मोटार हळूहळू काकूंची झाली होती. एकदा तुळजापूरला वकिलांना कोर्टात सोडल्यावर त्या मला म्हणाल्या, "बसा पुढं. जरा जाऊन येऊ." कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं. सोलापूरच्या रस्त्यानं आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ओरडणारं कुणी नव्हतं. काकूंनी खांदे खाली सोडले. थोड्या वेळानं त्या कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणू लागल्या. समोरून ट्रक आला तेव्हा मीच घाबरून डोळे मिटले. काकूंनी शांतपणे मोटार बाजूला घेतली आणि ट्रक गेल्यावर मोठ्यानं हसल्या. "बाई, किती भ्यायचे हो मी त्याला!" एका झाडाखाली थांबून आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. परतताना म्हणाल्या, "लेकीकडं जाईन मी बीदरला. माझी मी. दारात हॉर्न वाजवीन."

बीदरला जाणं झालंच नाही.

पावसाळा संपला होता. जिल्ह्याचे मोठे जज तपासणीला उमरग्याला यायचे होते, डाकबंगल्यावर वकील मंडळींचा चहा होता. काकू आणि वकीलसाहेब नळदुर्गहून परतत होते, दिवस कललेला. गावाच्या वेशीशी वकिलांनी मोटार थांबवायला लावली. बायको चालवत असलेल्या मोटारीतून जजसाहेबांपुढं उतरायचं त्यांना नको होतं. काकू नाही नाही म्हणत राहिल्या. त्यांनी दार उघडून काकूंना जवळजवळ ढकलूनच बाजूच्या सीटवर सरकवलं आणि चाक हातात घेतलं. डाकबंगला समोर दिसत होता. तेवढंच त्यांना दिसत होतं.

हुसेनबी मनियारीण बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेनं घरी चालली होती. गावातल्या अर्ध्या सुनांच्या हातात तिनं बांगड्या भरल्या होत्या. काकूंच्या लेकीच्याही. मोटारीनं तिला बाजूनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. मी धावत गेले तेव्हा तिला एका ट्रकमध्ये घालून सोलापूरला न्यायची धांदल चालली होती. रस्ताभर हिरव्या-लाल काचा. त्या काचांत काकू अनवाणी उभ्या होत्या आणि तळव्यांतून रक्त येत होतं. फौजदार लिहून घेत होते.

वकीलसाहेब त्यांना सांगत होते, "ही चालवत होती."

फौजदारांनी काकूंकडं पाहिलं. "खरं का बाई?"

"व्हय," काकू म्हणाल्या.

बस्स. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आम्ही कवाच म्हणलं व्हतं." कोर्टात काकूंनी गुन्हा कबूल केला. वकिलाच्याच बायकोचा खटला, म्हणून बघायला लोक लोटले होते. दंड झाला, लायसन गेलं. जजसाहेबांनी वकिलांना बोलावून सहानुभूती दाखवली म्हणे. सरकारी वकिलाची जागा त्यांना मिळाली. पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना ते म्हणाले, "संकटं येतात बाई, आपण ताठ ऱ्हायचं." तो पेढा मी कुत्र्याला घातला.

हुसेनबी बऱ्याच महिन्यांनी परतली ती काठीवर. आता टोपली घेऊन हिंडणं तिला जमणार नव्हतं. काकू रोज तिच्याकडं जायच्या. तेल कोमट करून मांडी चोळून द्यायच्या, दळण आणून टाकायच्या. गाव म्हणायचं, पाप फेडतेय. एकदा काकू पाणी आणायला बाहेर गेल्यावर हुसेनबी मला हळूच म्हणाली, "बाई, मी बघितलं की. चाक वकीलसाबच्या हातात हुतं. अम्मा बाजूला बसून वरडत हुत्या, थांबा थांबा."

माझ्या मनातला संशय खरा निघाला. "मग बोलली का नाहीस?"

"मेरेकू पूछा कौन? मी सोलापूरला पडलेली. आले तवर समदं झालं हुतं." तिनं दाराकडं पाहिलं. "अम्माला म्हणले मी, सांगू का? अम्मा पायावर डोकं ठिवून रडल्या. मग काय सांगू?"

त्या संध्याकाळी मी काकूंना गाठलं. मला राग आला होता आणि तो नेमका कुणाचा तेही कळत नव्हतं. म्हटलं, "काकू, का केलंत असं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "माझं लायसन गेलं तर कुणाचं काय जातंय बाई? त्यांचं नाव गेलं असतं तर घरच गेलं असतं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पण मला विचारलं न्हाय हो त्यांनी. विचारलं असतं तर मीच म्हणले असते, माझ्यावर घाला म्हणून. फौजदार आला, आन हे बोलून मोकळे झाले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी बघतील माझ्याकडं."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी सूप परत हातात घेतलं. "जन्मात एक गोष्ट शिकले होते बाई. लायसनवर माझं नाव होतं. त्यांचं नव्हतं."

मोटार पुढं विकली. घेणारा माणूस चालवून बघायला आला तेव्हा काकू मागच्या अंगणात भांडी घासत बसल्या. गिअर टाकताना त्यानं खरकन आवाज काढला. काकूंचा हात थांबला. मग परत घासू लागल्या.

माझी बदली लातूरकडं झाली. सरकारी वकिलीची एक-दोन वर्षं झाल्यावर वकीलसाहेबांना अक्षरही दिसेनासं झालं आणि काम सोडावं लागलं, असं कळलं. गावानं हळहळ व्यक्त केली. इतक्या अचानक डोळे गेले म्हणे.

काही वर्षांनी सोलापूरच्या एसटी स्टँडवर ती दोघं दिसली. वकीलसाहेब बाकड्यावर ताठ बसले होते, काळा चष्मा, हातात काठी. काकू पार वाळल्या होत्या. इथं डॉक्टरांना दाखवून तशाच लेकीकडं निघाल्या होत्या, एसटीनं. मी नमस्कार केला. माझा आवाज वकिलांनी ओळखला. "बाई! बसा, बसा. बघा काय दिवस आले, एसटीनं हिंडतोय. हिनं तवा चाकाला हात लावला नसता तर आज दारात मोटार असती आपल्या."

मला वाटलं, ते माझ्यासमोर सोंग करत आहेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. सोंग नव्हतं. त्यांना आता तसंच आठवत होतं. मी तोंड उघडलं, तोच काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. जोरात. "बाई, तुमची गाडी लागली. जागा मिळायची न्हाय."

मी गाडीत चढले, खिडकी मिळाली. गाडी सुटेपर्यंत ती दोघं दिसत होती. वकीलसाहेबांनी शेजारच्या दोन अनोळखी माणसांना बोलतं केलं होतं. हात हवेत धरून ते चाक वेडंवाकडं फिरवून दाखवत होते. मग एक तळहात दुसऱ्यावर आपटून त्यांनी धडक दाखवली. ती माणसं हसली, आणि काकूंकडं बघून आणखी हसली. काकू खाली मान घालून मोसंबी सोलत होत्या. एका फोडीतल्या बिया काढून त्यांनी ती नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. दुसरी बोटांत धरून, त्यांचं सांगून संपेपर्यंत, त्या थांबून राहिल्या.